परिचारिकांचे शिक्षण आणि रुग्णाची भाषा

परिचारिकेच्या संभाषणकौशल्याचा विचार बहुधा गोड बोलण्यापुरताच केला जातो. वस्तुतः रुग्णाचे म्हणणे ऐकून त्याची अचूक नोंद करणे, हे तिचे प्रमुख भाषिक कार्य होय. महाराष्ट्रात रुग्ण आपली व्यथा मराठीत सांगतो, नोंद मात्र बहुशः इंग्रजीत होते; अर्थहानी संभवते ती येथेच.

मराठीत गळू ठसठसते, डोके ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते. या प्रयोगांतून वेदनेचा प्रकार व तिची गती सूचित होते. ‘दुखते’ या एका पदात हे भेद लोपतात. अशा भेदांना निदानात मोल आहे, म्हणूनच रोनाल्ड मेल्झॅक यांच्या १९७५ च्या मॅक्‌गिल वेदना-प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत विभागलेले आढळतात.

‘छातीत दुखते का?’ या प्रश्नास रुग्ण ‘नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. कारण त्याला जाणवते ते दडपण. हृदयविकाराच्या झटक्यात तेच प्रमुख लक्षण असू शकते. त्याचप्रमाणे ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे केवळ भीती नव्हे. त्यात धडधड वा धापही अभिप्रेत असू शकते. येथे चुकीची नोंद प्राणावर बेतू शकते.

यास्तव ‘काय होते ते सांगा’ असा मोकळा प्रश्न विचारावा, रुग्णाचे शब्द जसेच्या तसे टिपावेत व नंतरच पारिभाषिक संज्ञा योजावी, हा क्रम विद्यार्थिनींकडून सरावाने दृढ करून घेणे अगत्याचे आहे. संवादोपयोगी इंग्रजीच्या जोडीस रुग्णभाषेचा असा अभ्यास नसेल, तर हे शिक्षण अपुरेच राहील.