रिकामा टेम्पो का आपटतो?

काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनाचे सामान घेऊन आम्ही काशीमीऱ्याहून ठाण्याला निघालो. छोटा मालवाहू टेम्पो बाके, लोखंडी मांडण्या आणि काचसामानाच्या पेट्यांनी गच्च भरला होता. घोडबंदर रस्ता पावसाने उखडलेला, त्यात गायमुखचा घाट. तरी एकही चंचुपात्र फुटले नाही. बाके व मांडण्या ठाण्यालाच ठेवायच्या असल्याने परतताना टेम्पोत दोनच पेट्या होत्या. रस्ता तोच, चालक तोच, वेगही बेताचाच. पेट्या उघडल्या तर निम्मी चंचुपात्रे फुटलेली! चालकाला याचे काहीच नवल वाटले नाही. "सर, गाडी रिकामी आहे, उड्या मारणारच," तो म्हणाला. शिवाय, जास्त माल भरता यावा म्हणून मागे एकेक पाटा वाढवणार असल्याचेही त्याने सांगितले. तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल काढली.

पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. टेबलाच्या कडेला हॅक्सॉचे एक पाते घट्ट आवळून त्याच्या टोकाला वजन लावले, की वर्गातही तिचे काम दिसते. वजन दाबून सोडा आणि दहा सेकंदांतले हेलकावे मोजा. वजन चौपट केले तर हेलकावे जवळजवळ निम्मे होतात. आता एका पात्यावर दुसरे पाते ठेवून पूर्वीचेच वजन लावा. हेलकावे सुमारे 1.4 पट होतील. वजन वाढले की हालचाल संथ होते, ताठरपणा वाढला की जलद होते.

हिशेब सोपा आहे. वजनाने स्प्रिंग किती दबते एवढे कळले, की सेकंदाला किती हेलकावे बसतील ते काढता येते. गुरुत्वत्वरणाला त्या दबण्याने (मीटरमध्ये) भागायचे, वर्गमूळ काढायचे आणि 6.28 ने भागायचे. रिकाम्या टेम्पोच्या हौद्याने मागचे पाटे 2.5 सेंटिमीटर दबतात असे धरू. उत्तर येते सेकंदाला 3.2 हेलकावे. पाट्यांवरचे वजन चौपट झाले तर ते 10 सेंटिमीटर दबतील आणि हेलकावे 1.6 वर येतील. आरामशीर मोटारीत ते 1 ते 1.5 च्या आसपास असतात.

आता पाटे वाढवून ताठरपणा दुप्पट केला असे समजू. रिकाम्या गाडीत स्प्रिंग फक्त सव्वा सेंटिमीटर दबेल आणि हेलकावे होतील साडेचार. मानवी शरीराला सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारे उभे हादरे सर्वांत जास्त जाणवतात. पोट व पाठीचा कणा त्यांना जोरात साथ देतात. म्हणजे जास्त माल नेण्यासाठी केलेली दुरुस्ती रिकाम्या फेरीत चालकाच्या पाठीवर उठते. (मालकाच्या नव्हे, हे सांगायला नको.)

प्रश्न केवळ आरामाचा असता तरी एक वेळ चालले असते. पण ताठ स्प्रिंगवरचे हलके वाहन खड्ड्याच्या कडेवर आदळले, की चाक क्षणभर रस्ता सोडते. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नाही, आणि पुढचे चाक असेल तर ते वळवूनही नाही. घाटाच्या उतारावर हा क्षण महाग पडतो. उलट, स्प्रिंग फार मऊ केली तर गाडी वळणावर कलते, ब्रेक लावताच नाक खाली घालते. म्हणून दोहोंच्या मधला मार्ग काढावा लागतो. काही गाड्यांत जादा पाटा असा बसवतात, की तो भरपूर भार आल्यावरच टेकतो. रिकामेपणी तो कामात येतच नाही. ही युक्ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते.

स्प्रिंग शक्ती साठवते, पण ती संपवत नाही. ते काम शॉकअपचे. त्यातला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत जाते. हॅक्सॉच्या पात्याला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून तो तेलाच्या वाटीत बुडवा, हेलकावे चटकन थांबतील.

टायर हीसुद्धा स्प्रिंगच. नागावच्या समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या जाड चाकांच्या चारचाकी पाहा. परदेशांत अशाच गाड्या मागेपुढे सामानाची जाळी लावून शेतात आणि जंगलात कामाला वापरतात. त्यांच्या टायरात हवेचा दाब जेमतेम 5 पौंड असतो, मोटारीत 30 च्या आसपास. एका चाकावर 100 किलो भार धरला, तर 5 पौंडांना जमिनीवर टेकणारा भाग सुमारे 280 चौरस सेंटिमीटर येतो, 30 पौंडांना 50 चौरस सेंटिमीटरही नाही. त्यामुळे चाक वाळूत रुतत नाही आणि लहान दगड टायरच गिळून टाकतो. याचा अर्थ टेम्पोची हवा कमी करावी असा मुळीच नाही. डांबरी रस्त्यावर भाराखाली मऊ टायर तापतो आणि फुटू शकतो. कंपनीने सांगितलेला दाबच ठेवावा, त्याहून जास्तही नको.

आम्ही दोघे टेम्पोच्या मागच्या फळीवर चढलो आणि एकदम खाली उतरलो. चांगल्या शॉकअपची गाडी एक-दोन हेलकाव्यांत स्थिर व्हायला हवी होती. ही पाच वेळा डोलली. चालकाने पाटे वाढवण्याचा बेत सोडून शॉकअपची जोडी बदलली, पाट्यांमधला गंज काढून घेतला. पुढच्या वर्षी काचसामान आम्ही मागच्या टोकाला न ठेवता केबिनच्या पाठीला लावून ठेवले. दोन्ही चाकांच्या मधल्या भागात उसळी सर्वांत कमी बसते. परतताना एकच परीक्षानळी फुटली, तीही उतरवताना आमच्याच हातून.