उतारावर घोडा मागे

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातला कोळसा टाइन नदीच्या धक्क्यापर्यंत न्यायचा, तर वाटेत चिखल फार. म्हणून १७२५च्या सुमारास टॅनफील्डचा गाडीमार्ग टाकला गेला. रूळ लाकडाचे. लाकडावर चाकाला अडथळा कमी, त्यामुळे एकच घोडा अडीच टनांहून जास्त कोळसा ओढायचा. खरी गंमत उतारावर. तिथे घोडा सोडून वाघिणीच्या मागे बांधत आणि गाडीवान ब्रेकच्या लाकडी दांड्यावर चक्क बसून वेग आवरी. पावसात रूळ निसरडे झाले की जिवाशी खेळच! वाटेतल्या घळीवर राल्फ वुड या गवंड्याने सुमारे ३१ मीटरची दगडी कमान उभारली. कॉझी आर्च नावाने ती आजही उभी आहे. या मार्गावर लोखंडी रूळ आले शंभरेक वर्षांनी.