घराच्या जमिनीखालचे दफन

बजाजनगरहून अहिल्यानगरकडे जाताना लागणाऱ्या नेवाशात, तसेच दायमाबाद व इनामगाव येथे, जोर्वे संस्कृतीचे (इ. स. पू. सुमारे १४०० ते ७००) लोक मृतांना बहुधा राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. बालकाचे अवशेष तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत असत. प्रौढाला उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत, मात्र त्याची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये हा त्यामागील हेतू असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. इनामगावच्या एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेल्या पुरुषाची पावले तेवढी शाबूत आढळली. तो बहुधा गावप्रमुख होता.