हप्ता थकला, गाडी परत करावी काय?

गाडी दारात आली तेव्हा साऱ्या गल्लीने पेढे खाल्ले. तीच गाडी आज घरच्यांच्या छातीवर धोंड होऊन बसली आहे. तीन हप्ते थकले, फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले. घरधनी म्हणतो, "देऊन टाकू गाडी, सुटू एकदाचे!" पण गाडी दिली म्हणजे माणूस सुटतो काय? आम्ही आज याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आपल्या सिन्नरमध्ये माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करून किंवा शिर्डीच्या फेऱ्या मारून हप्ता भरणारी घरे आहेत. १७ मार्च २०२० रोजी शिर्डीचे मंदिर बंद झाले ते १६ नोव्हेंबरला उघडले. ५ एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद झाले ते ७ ऑक्टोबरला उघडले. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्यांना मुदत दिली, पण व्याज चढतच राहिले. गाडीचे चाक थांबले तरी व्याजाचे थांबत नाही, हा धडा तेव्हा अनेकांनी घेतला.

आता हिशेब करू. समजा, कर्ज बाकी ३,६०,००० रुपये. गाडी परत केली, लिलावात २,२०,००० आले, लिलावाचा व इतर खर्च १५,००० लागला. म्हणजे गाडी गेली आणि १,५५,००० रुपये डोक्यावर राहिलेच! तीच गाडी स्वतः गिऱ्हाईक पाहून, फायनान्सच्या लेखी संमतीने २,९०,००० ला विकली, तर बाकी राहते ७०,०००. म्हणून आधी कर्जबाकीचा लेखी हिशेब मागा आणि दोन-तीन ठिकाणी गाडीची किंमत विचारा. हप्ता लहान करून मुदत वाढवून मिळते काय, तेही लेखी अर्जाने विचारा.

जामीनदाराला विसरू नका. १८७२ च्या करार कायद्याने कर्जदाराइतकीच जबाबदारी त्याची असते. आपला मेहुणा, आपला शेजारी सहीपुरता उभा राहिला. त्याला अंधारात ठेवणे बरे नव्हे.

हिशेबाअंती गाडी देणेच शहाणपणाचे ठरले, तर ओढून नेण्याची वाट पाहू नका. स्वतः दिल्यास ओढून नेण्याचा खर्च तरी वाचतो. मात्र रिकाम्या हाताने परतू नका. गाडीचे फोटो काढा, किलोमीटरचा आकडा लिहा, आतले सामान काढा, गाडी व किल्ली दिल्याची शिक्क्यानिशी पोच घ्या. लिलावाची तारीख व आलेली रक्कम लेखी मागा. बाकी रकमेत तडजोड झाली, तर "आता काही येणे नाही" असे पत्र हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कर्जापेक्षा जास्त किंमत आली, तर वरची रक्कम आपली आहे. पुढच्या तारखांचे चेक दिले असतील, तर तेही परत मागा.

आणि भिऊ नका! वाहनाची वसुली कायद्यानेच व्हावी, गुंडांकरवी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात बजावले आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितले. संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत आपले बौद्ध बांधवही आले. कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

शेवटी एकच सांगणे. हा निर्णय एकट्या घरधन्याने रात्री अंथरुणात पडून घेऊ नये. कागद चटईवर मांडावेत. हप्त्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकलेल्या बाईने आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरीने ते वाचावेत. गाडी गेली म्हणून इज्जत जात नाही. लाजेपोटी न वाचता केलेली सही मात्र पुढची कित्येक वर्षे खाते.