कड्यामागची सपाटी

खंडाळ्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे कडा उभा राहतो. राजमाची पॉइंट, नागफणी, घाटातले बोगदे, पावसाळ्यातले धबधबे. पाहणारा कोकणाकडे तोंड करून उभा राहतो, आणि इंद्रायणीचे खोरे त्याच्या पाठीशी राहते. माझे म्हणणे असे की खंडाळ्याचा उलगडा या पाठीमागच्या बाजूनेच होतो: वळवण, वरसोली, वाकसई, कार्ले, मळवली अशा भातखाचरांतल्या दिवसभराच्या चालीत. ही चाल सोपी आहे, दम लागावा असा चढ वाटेत नाही. सोपी म्हणूनच ती दुर्लक्षित राहिली. गिर्यारोहकाला ती किरकोळ वाटते आणि सहलीला आलेल्याला तिथे ‘पाहण्यासारखे’ काही दिसत नाही.

ही सपाटी किती सपाट आहे, हे रेल्वेच्या आकड्यांवरून कळते. बोरघाटातला लोहमार्ग सुमारे 25 किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढतो. पुढे लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतच्या 64 किलोमीटरांत मात्र उतार जेमतेम साठ मीटरांचा. म्हणूनच पुणे-खंडाळा गाडी 1858 साली सुरू झाली आणि घाट खुला व्हायला 1863 उजाडले. मधली पाच वर्षे खोऱ्यात आगगाडी धावत होती आणि घाट मात्र जुन्याच साधनांनी ओलांडावा लागत होता. भूगोलाचे कारणही यातच आहे. पश्चिमेकडच्या ओढ्यांना उभा उतार मिळतो, ते जोराने कडा कोरत मागे सरकतात. पूर्ववाहिनी इंद्रायणीला तशी घाई नाही. रुंद खोऱ्यात एवढीशी नदी आणि खोऱ्याचे वरचे तोंड एकदम कड्यावर उघडलेले, हे चित्र चालताना सहज ध्यानात येते. मोटारीच्या वेगात ते निसटते.

कार्ल्याकडेही याच वाटेने पाहावे. चैत्यगृहाची भव्यता सगळे सांगतात: लांबी सुमारे 38 मीटर, छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी. पण भिंतीवरचे लेख शेताबद्दल बोलतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वालुरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांतल्या भिक्षूंच्या वर्षावासासाठी दिले. पुढे सातवाहनांचीही त्या गावाबद्दलची आज्ञा तिथे कोरलेली आहे, आणि ती मामाल येथील अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. म्हणजे डोंगरातल्या भिक्षूंचे पावसाळ्यातले पोट खालच्या शेतीवर चालत होते. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी याच मुलखात पायी हिंडून लेणी, व्यापारी वाटा आणि मातृदेवतांची ठाणी यांचा संबंध मांडला. कार्ल्याच्या चैत्याला लागूनच एकवीरेचे देऊळ आहे, त्यामुळे तो संबंध निव्वळ तर्क वाटत नाही. पायऱ्या चढून लेणे पाहणाऱ्याला एक सुटे शिल्प दिसते. शिवारातून चालत येणाऱ्याला त्याचा जमाखर्च दिसतो.

शेतीचा धागा आजही तुटलेला नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून निघालेला तांदूळ 1987 मध्ये प्रसारित झाला. त्याला नदीचेच नाव मिळाले, इंद्रायणी. आंबेमोहराचा वास आणि ठेंगण्या रोपाचे उत्पन्न एकत्र आणणारे हे वाण आज महाराष्ट्रभर शिजते. तरी ते जिथे जन्मले त्या खाचरांच्या बांधावरून चालावे, असे फारच थोड्यांच्या मनात येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: ते खोरे आता उरले कुठे? बंगले, भूखंड, द्रुतगती मार्ग यांनी ते चिरले गेले आहे. हे खरेच आहे, आणि त्याचे दुःखही आहे. पण बदलाचीही वाचण्याजोगी खूण असते. लोणावळा आणि वळवण इथल्या तलावांचे पाणी स्वभावाने पूर्वेला भीमेकडे, शेवटी बंगालच्या उपसागराकडे जायचे. टाटांच्या जलविद्युत योजनेने 1915 पासून ते घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे वळवले आणि त्यातून मुंबईच्या गिरण्या चालल्या. कडा कोरत मागे सरकून पूर्वेचे पाणी आपल्याकडे ओढण्याचे जे काम पश्चिमेचे ओढे युगानुयुगे कणाकणाने करत आहेत, ते माणसाने काही वर्षांत उरकले. मानवी हस्तक्षेपाचे एवढे मोठे उदाहरण पायी जाता येईल अशा अंतरावर असताना खोरे संपले म्हणून त्याकडे पाठ फिरवणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरातून माणसे शिवारात उतरली तर पीक तुडवले जाईल, कचरा पडेल, आणि जमीन तर शेतकऱ्याची. म्हणून चालण्याचा काळ आणि वाट दोन्ही ठरलेली हवीत. लावणीच्या दिवसांत चिखलणी केलेल्या खाचरांच्या बांधावर परक्याचे काम नाही; दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले, हरभरा-मसूर पेरला, की गाडीवाटेने जावे. अशी वाट मागणे ही शहरी चैन आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. वाट बंद झाली की पहिला अडतो तो शेतकरी, त्याची बैलगाडी, त्याचे मळणीयंत्र. म्हणूनच 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात वहिवाटीचा अडथळा दूर करण्याची तरतूद आहे आणि 1966 च्या महसूल संहितेच्या कलम 143 ने बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. भूखंडाभोवती कुंपण पडताना आडवी येणारी जुनी पाणंद प्रत्येक वेळी कोर्टकचेरीत जाऊन वाचत नाही. रोजची वर्दळ असली तर तिला निदान साक्षीदार राहतात. गावच्या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायवाट एकेरी तुटक रेषेने. वाकसई ते मळवली निघण्याआधी तो नकाशा पाहावा, आणि त्यातल्या कोणत्या रेषा अजून पायाखाली सापडतात ते मोजत जावे.