का आणि कसे : मधल्या सुट्टीनंतरचा गलबला

मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन मुले बाकांवर येऊन बसली, तरी वर्गातील गलबला शमत नाही आणि ‘शांत बसा’ या हुकुमाची तामिली होत नाही, हा अनुभव सर्वच शाळांतला आहे; त्याचे मूळ बव्हंशी शरीरधर्मात आहे. मैदानावर धावताना मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन हे द्रव्य रक्तात सोडतात, त्याच्या अमलाखाली हृदयाची गती वाढते, श्वास जलद होतो आणि स्नायूंकडे जादा रक्ताची रवानगी होते. भरधाव घोडा लगाम खेचताच जागच्या जागी उभा राहत नाही, तद्वत हे द्रव्य ओसरण्यासही काही मिनिटे लागतात. मेंदूपासून हृदयापर्यंत गेलेला व्हेगस नामक मज्जातंतू हा निसर्गदत्त लगाम होय, आणि त्याचा प्रभाव उच्छ्वासाच्या वेळी वाढत असल्यामुळे, श्वास सावकाश सोडला असता हृदयाची गती मंदावते. संथ लयीत कविता म्हणताना उच्छ्वास आपोआपच लांबतो. उलट, दरडावण्याने उत्तेजनच वाढते. म्हणून शिक्षकांनी तासाची पहिली दोन-तीन मिनिटे पाणी पिणे, सावकाश श्वसन आणि सामुदायिक कवितागायन यांसाठी अवश्य राखून ठेवावीत.