आधी माडाचे खोड उचला
3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळी सगळे सरसकट पेटवून वाडी मोकळी करावीशी वाटते. पण आधी हलवायला हवे ते माडाचे खोड. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे हेच भुंगे उभ्या माडांचे कोवळे शेंडे पोखरतात. वादळातून वाचलेले झाड असे मागाहून जाते. जाळणे स्वस्त आणि झटपट, हा आक्षेप रास्तच आहे, मजुरीही परवडत नाही. तरी पावसात ओला कचरा नुसता धुमसतो. त्यातलाच पाला बारीक करून झाडांच्या आळ्यात पसरला, तर सावली हरवलेल्या जमिनीला आच्छादन मिळते. ते हवेच, कारण पोफळीच्या कोवळ्या रोपांना उन्हाचा चटका सोसत नाही.